पहाट नावाचे यान

(साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे झालेले भाषण)



आज मी तुम्हांला एका यंत्राची हकिकत सांगणार आहे. हे यंत्र जपानी लोकांनी बनवले आणि आकाशात सोडले. शुक्र नावाच्या ग्रहावरची हवा कशी आहे, ती कशी वाहते, हे पाहायला ते निघाले होते. ऐन पोचण्याच्या वेळी त्याचे मुख्य इंजिन मोडले. तरीही पाच वर्षांनी ते शुक्रापाशी पोचले आणि पुढे आठ वर्षे त्याने काम केले. ते कसे झाले, हे आज ऐकायचे.

हकिकत लांबची आहे. पण ज्या ग्रहाची आहे, तो तुमच्या ओळखीचा आहे.

शुक्राची चांदणी

पहाटे उठून शेतावर जाणाऱ्या माणसाला शुक्र दाखवावा लागत नाही. पूर्वेला ती मोठी, पांढरीशुभ्र चांदणी दिसली, की उजाडायला आले असे घरातली जुनी माणसे म्हणत. काही महिने ती पहाटे पूर्वेला दिसते. मग काही दिवस दिसेनाशी होते. नंतर संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागते. मधल्या दिवसांत पंचांगात शुक्राचा अस्त लिहिलेला असतो आणि लग्नाचे मुहूर्त थांबतात.

पण शुक्र कोठे जात नाही बरं का! आपल्या बाजूने पाहता त्या दिवसांत तो सूर्याच्या अगदी जवळ आलेला असतो. सूर्याच्या झगझगाटात तो आपल्याला दिसत नाही. भर दुपारी कंदील लावला तर त्याची ज्योत लांबून दिसते का? तसेच हे आहे.

आपण चांदणी म्हणतो, पण शुक्र हा तारा नव्हे. तो ग्रह आहे. आपल्या पृथ्वीसारखाच एक गोल. त्याला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा उजेड त्याच्यावर पडतो, म्हणून तो चमकतो. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. शुक्र सुमारे १० कोटी ८० लाख किलोमीटर दूर आहे. आकाराने तो जवळजवळ पृथ्वीएवढाच. पृथ्वीचा गोल १०० हात रुंद धरला, तर शुक्राचा ९५ हात भरेल. म्हणून काही लोक त्याला पृथ्वीचा जुळा भाऊ म्हणतात.

एवढे सारखेपण पाहून पूर्वी पुष्कळांना वाटे, की तिकडेही पाऊस पडत असेल, रान असेल, दलदल असेल. शुक्रावर सदा ढग असतात. ढगांखाली काय आहे ते कोणाला दिसत नव्हते. झाकलेल्या मडक्यात काय आहे, याचा जो तो आपापल्या परीने तर्क करी.

झाकण उघडले तेव्हा

१९६२ साली अमेरिकेचे मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेले. त्यानंतर रशियाने, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनने, अनेक याने पाठवली. काही तर शुक्राच्या जमिनीवर उतरली. मग कळले, की जुळा भाऊ दिसायला सारखा असला तरी त्याचे घर म्हणजे पेटलेली भट्टी आहे.

तिथल्या जमिनीवर सुमारे ४६० अंश सेल्सिअस उष्णता असते. एवढ्या उष्णतेत शिसे वितळते, जस्तसुद्धा वितळते. पाणी तिथे द्रवरूपात टिकणारच नाही. हवेचा दाब आपल्या हवेच्या सुमारे ९० पट आहे. समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर अंगावर जेवढा दाब येईल, जवळपास तेवढा. आणि ढग? ते पाण्याचे नाहीत. ते गंधकाच्या आम्लाचे आहेत. मोटारीच्या बॅटरीत जे अॅसिड घालतात, त्याच जातीचे.

१९८२ साली रशियाचे व्हेनेरा १३ हे यान तिथे उतरले. ते १२७ मिनिटे टिकले. दोन तास सात मिनिटे. त्या भट्टीत एवढे टिकले हेच विशेष.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, शुक्र सूर्याच्या जवळ आहे, मग तो तापणारच. पण गंमत अशी, की शुक्राचे ढग बहुतेक ऊन माघारी परतवून लावतात. म्हणून तर तो एवढा चमकतो. जमिनीपर्यंत ऊन थोडेच पोचते. मग भट्टी कशाने झाली?

ती झाली हवेमुळे. आपण श्वासातून जो कर्बवायू बाहेर टाकतो, लाकूड किंवा कोळसा जाळल्यावर जो निघतो, त्यालाच कार्बन डायऑक्साइड म्हणतात. शुक्राच्या हवेत १०० भागांपैकी ९६ भाग हाच वायू आहे. हा वायू गोधडीसारखा आहे. उन्हाला आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची ऊब सहज बाहेर जाऊ देत नाही. आपल्या हवेत तो दहा हजार भागांत जेमतेम चार भाग आहे. तेवढी पातळ गोधडी आपल्याला हवीच, नाहीतर पृथ्वी गारठून जाईल. पण कोळसा आणि तेल जाळून जाळून माणसाने ही गोधडी हळूहळू जाड करीत आणली आहे. आपली पृथ्वी उद्या शुक्रासारखी होईल असे शहाणी माणसे म्हणत नाहीत. पण गोधडी जाड झाली म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर शुक्राकडे पाहावे, एवढे खरे.

जाते सावकाश, पीठ जोरात

शुक्राचे आणखी एक कोडे आहे. पृथ्वी स्वतःभोवती एका दिवसात फिरते. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पुरी करायला आपले २४३ दिवस लागतात. शिवाय तो उलट्या दिशेने फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो.

ग्रह इतका संथ, तर त्याची हवाही संथ असावी. जमिनीलगत ती तशी आहेच. पण वर ढगांच्या माथ्यावर काय दिसते? तिथे वारा ताशी सुमारे ३६० किलोमीटर वेगाने धावतो. सबंध ग्रहाला तो सुमारे चार दिवसांत एक फेरी घालतो. ग्रहाला २४३ दिवस आणि वाऱ्याला चार! म्हणजे वारा ग्रहाच्या साठपट वेगाने धावतो.

जाते सावकाश फिरावे आणि पीठ मात्र गरगर उडावे, असा हा प्रकार. हवेला घर्षण असते. ढकलणारा नसेल तर वेग हळूहळू कमी व्हायला हवा. मग या वाऱ्याला ढकलतो कोण? हे कोडे शास्त्रज्ञांना अनेक वर्षे सुटत नव्हते. त्यासाठी शुक्राभोवती घिरट्या घालत त्याच्या ढगांवर नजर ठेवणारा कोणीतरी हवा होता. एकदा जवळून गेला आणि पाहिले, एवढ्याने भागणार नव्हते. पिकाची राखण करायला माळ्यावर बसावे लागते, तसे तिथे बसून राहायला हवे होते.

जपानचे यान

हे काम जपानच्या अवकाश संस्थेने अंगावर घेतले. या संस्थेला थोडक्यात जाक्सा म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक यान बांधले. त्याचे नाव ठेवले अकात्सुकी. जपानी भाषेत अकात्सुकी म्हणजे पहाट. शुक्राकडे जाणाऱ्या यानाला याहून चांगले नाव कोणते असणार?

यान मोठे नव्हते. एका मोठ्या पेटीएवढे, सुमारे दीड मीटर उंच. इंधनासह वजन पाचशे किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंना उन्हापासून वीज करणाऱ्या फळ्या. आत पाच कॅमेरे. हे कॅमेरे आपल्या लग्नातल्या कॅमेऱ्यांसारखे नव्हते. काही कॅमेरे उष्णता पाहू शकत. तापलेल्या तव्यावर हात न ठेवता लांबूनच त्याची धग आपल्याला कळते ना? तशी शुक्राच्या ढगांतून येणारी धग ते टिपत. ढगांचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना दिसत. एक कॅमेरा तिथे वीज चमकते का, हे पाहण्यासाठी होता. यानाबरोबर अडीच लाखांहून अधिक लोकांची नावे आणि निरोप कोरून पाठवले होते.

२१ मे २०१० रोजी जपानच्या तानेगाशिमा बेटावरून रॉकेट सुटले. सहा-साडेसहा महिन्यांचा प्रवास झाला. ७ डिसेंबर २०१० हा शुक्राजवळ पोचण्याचा दिवस.

लगाम खेचायची वेळ

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. शुक्राजवळ पोचले म्हणजे काम झाले असे नाही. यान भयंकर वेगात असते. तिथे थांबायला खुंटी नाही, ठेपायला भिंत नाही.

गोफण आठवा. गोफणीत धोंडा गरगर फिरतो, तो दोरीने धरलेला असतो म्हणून. दोरी सुटली की धोंडा दूर जातो. शुक्राची ओढ ही ती दोरी आहे. यान योग्य वेगाने शुक्राजवळ आले, तर ती ओढ त्याला धरून ठेवते आणि ते शुक्राभोवती फिरू लागते. वेग जास्त असला तर दोरी पुरत नाही. यान निसटून जाते. म्हणून शुक्राजवळ आल्यावर इंजिन उलट्या बाजूने पेटवायचे आणि वेग कमी करायचा. उतारावर बैलगाडीला कासरा खेचून धरतात, तसे.

इंजिन १२ मिनिटे चालायचे होते. ते पेटले. पण अडीच मिनिटांपेक्षा थोडे जास्त चालले आणि बंद पडले. कासरा हातातच तुटला म्हणा ना! यान शुक्राजवळून तसेच पुढे गेले आणि सूर्याभोवती फिरू लागले.

अनेक वर्षांची मेहनत, सरकारचा पैसा, लाखो लोकांची आशा, सारे घेऊन यान निघून गेले.

काय बिघडले?

अशा वेळी माणसे दोन प्रकारे वागतात. काही कपाळाला हात लावून बसतात, नाहीतर एकमेकांना दोष देतात. काही कारण शोधतात. जपानच्या शास्त्रज्ञांनी यानाने पाठवलेले आकडे काढले आणि कारण शोधू लागले.

कारण कोणते निघाले, ऐका. इंजिनाला दोन रसायने लागत. एक इंधन आणि दुसरे त्याला जाळायला लागणारे, म्हणजे प्राणवायू पुरवणारे. आकाशाच्या पोकळीत हवा नाही, म्हणून जाळणारे रसायनही बरोबर न्यावे लागते. ही दोन्ही टाक्यांतून पुढे ढकलण्यासाठी हेलियम वायूचा दाब वापरत. दाब पुढे जावा पण रसायनाची वाफ मागे येऊ नये, म्हणून नळीत एक झडप होती. विहिरीवरच्या पंपाच्या तळाशी जशी एकाच बाजूने उघडणारी झडप असते, तशी.

प्रवासात दुसऱ्या रसायनाची थोडीशी वाफ झिरपत या झडपेपर्यंत आली. तिथे तिला इंधनाची वाफ भेटली. दोहोंचा संयोग होऊन क्षाराचे खडे तयार झाले. बोअरच्या जड पाण्याने नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार साचतात आणि तोटी जाम होते, ते तुम्ही पाहिले आहे. इथेही तेच झाले. झडप अडकली. इंधन कमी येऊ लागले आणि जाळणारे रसायन पुरेपूर येत राहिले. मिश्रणाचे प्रमाण बिघडले. आच नको तेवढी वाढली आणि इंजिनाचे चिनी मातीसारख्या पदार्थाचे धुराडे फुटले.

चिमूटभर क्षाराने एवढे मोठे काम अडवले.

सप्टेंबर २०११ मध्ये ते इंजिन थोडा थोडा वेळ पेटवून पाहिले. त्याचा जोर फारच कमी पडला. मुख्य इंजिन गेले, हे आता नक्की झाले.

उरले काय?

आता पाहा. इथून खरी हकिकत सुरू होते.

मुख्य इंजिन गेले. पण यान जिवंत होते. कॅमेरे शाबूत होते. विजेच्या फळ्या चालत होत्या. इंधनही बरेच शिल्लक होते. आणि यानाला बारा लहान लहान इंजिने होती. त्यांचे काम वेगळे होते. यानाचे तोंड इकडे तिकडे वळवायचे, तोल सांभाळायचा, एवढ्यापुरती ती बसवली होती. मुख्य इंजिनाचा जोर म्हणजे सुमारे ५० किलोचे पोते. लहानांपैकी चार मोठी एकत्र लावली, तरी त्यांचा जोर नऊ-साडेनऊ किलो. पाचवा हिस्सासुद्धा नाही.

शास्त्रज्ञांनी विचार केला, या लहान इंजिनांनीच गाडी आवरता येईल का?

एक सोय होती. लहान इंजिने नुसत्या इंधनावर चालत. त्यांना दुसरे रसायन लागत नव्हते. मग ते रसायन आता निव्वळ ओझे झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे ६५ किलो रसायन बाहेर सोडून दिले. पैसे मोजून आणलेली वस्तू आकाशात टाकून द्यायची! पण गाडीतून उगीच ओझे वाहण्यापेक्षा ते उतरवलेले बरे. गाडी हलकी झाली, की थोडक्या जोरातही आवरते.

मग नोव्हेंबर २०११ मध्ये लहान इंजिने तीन वेळा चालवून यानाचा मार्ग थोडा बदलला. का? तर पुन्हा शुक्राची गाठ पडावी म्हणून. शुक्र सूर्याभोवती २२५ दिवसांत एक फेरी घालतो. यानाची फेरी त्याहून लहान, सुमारे २०० दिवसांची. दोघे एकाच रिंगणात धावणाऱ्या, पण वेगळ्या चालीच्या गड्यांसारखे. एकदा चुकामूक झाली की पुन्हा जवळ यायला पुष्कळ फेऱ्या लागतात. हिशेब केला, तेव्हा गाठ पडण्याचे साल निघाले २०१५.

चार वर्षे वाट पाहायची. त्यातही एक भीती होती. यानाची वाट त्याला शुक्रापेक्षाही सूर्याच्या जवळ नेत होती. सूर्यापासून सुमारे ९ कोटी किलोमीटरपर्यंत. एवढे ऊन सोसण्यासाठी ते बनवलेलेच नव्हते. शिवाय ते मुळात साडेचार वर्षे टिकावे, या हिशेबाने बांधलेले. दर फेरीला ते होरपळून निघे आणि दर फेरीला शास्त्रज्ञ जीव मुठीत धरून त्याची खबर घेत.

इकडे जमिनीवर गणिते चालू होती. या कामाचे प्रमुख होते मासातो नाकामुरा. यानाने कोणत्या वाटेने जावे, कोणत्या वेळी इंजिन पेटवावे, हे गणित करण्यात चिकाको हिरोसे या बाईंचा मोठा वाटा होता. आमच्या वर्गातल्या भगिनींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. वाट थोडी चुकली असती, तर यान एकदा शुक्राभोवती फिरू लागले तरी पुढे सूर्याच्या ओढीने वाकडे होऊन शुक्रावरच आदळले असते. एकेक वाट कागदावर मांडायची, तपासायची, खोटी ठरली की सोडायची, दुसरी घ्यायची. असे पुन्हा पुन्हा केले.

पुन्हा ७ डिसेंबर

७ डिसेंबर २०१५. पहिल्या अपयशाला बरोबर पाच वर्षे झाली, तोच दिवस.

यान इतके दूर होते, की इथून दिलेला हुकूम तिथे पोचायला काही मिनिटे जात. ऐन वेळी ओरडून उपयोग नव्हता. म्हणून सगळे हुकूम आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवले होते. ठरल्या वेळी चार लहान इंजिने पेटली. ती २० मिनिटे २८ सेकंद चालली. तोल सांभाळण्यासाठी बसवलेल्या त्या चिमुकल्या इंजिनांनी सबंध यान आवरून धरले.

दोन दिवस यानाची चाल मोजली. ९ डिसेंबरला जाक्साने जाहीर केले, की यान शुक्राभोवती फिरू लागले आहे.

पण सगळेच मिळाले असे मी सांगणार नाही. मूळ बेत होता, की यानाने शुक्राभोवती ३० तासांत एक फेरी घालावी आणि लांबात लांब ८० हजार किलोमीटर जावे. आता एका फेरीला तेरा-साडेतेरा दिवस लागू लागले. लांबचे टोक ४ लाख ४० हजार किलोमीटरवर गेले. पुढे ते थोडे कमी केले आणि फेरी साडेदहा दिवसांच्या आसपास आली. लांबून पाहायचे म्हणजे चित्र बारीक दिसणार. पण लांबून पाहण्याचा एक फायदाही असतो. सबंध ग्रह एका नजरेत येतो आणि बराच वेळ दिसत राहतो. शास्त्रज्ञांनी त्याचा उपयोग करून घेतला.

काय दिसले?

पोचल्या पोचल्या पहिल्याच दिवसांत एक नवल दिसले. ढगांच्या माथ्यावर धनुष्यासारखी वाकलेली एक मोठी लाट होती. उत्तर-दक्षिण सुमारे १० हजार किलोमीटर लांब. मुंबई ते दिल्ली विमानाने जितके अंतर, त्याच्या आठपट तरी. आणि नवल हे, की ढग ताशी ३६० किलोमीटर वेगाने धावत होते, पण ही लाट जागच्या जागी उभी होती. एक दिवस नाही, चार दिवस.

नदीच्या धारेत मोठा धोंडा असला, की त्याच्या वरून जाणारे पाणी उसळते. पाणी वाहत राहते, पण ती उसळी धोंड्यापाशीच दिसते. शुक्रावर या लाटेच्या बरोबर खाली अॅफ्रोडाइटी नावाचा उंच डोंगराळ मुलूख आहे. खालच्या हवेला डोंगर अडवतात, तिची लाट होते आणि ती लाट वर ६५ किलोमीटरपर्यंत चढते. जमिनीचा उंचसखलपणा इतक्या वरच्या ढगांवर उमटतो! हे २०१७ साली छापून प्रसिद्ध झाले. पुढे अशा लाटा पुन्हा दिसल्या. त्या डोंगराळ भागांवर आणि तिथल्या दुपारनंतरच्या वेळी उठतात, असे आढळले.

मग ते वाऱ्याचे कोडे. त्याला ढकलतो कोण? शास्त्रज्ञांनी यानाने काढलेल्या चित्रांवरून ढगांचे ठिपके एका चित्रात कोठे आणि पुढच्या चित्रात कोठे, हे मोजले. त्यावरून वाऱ्याचा वेग काढला. वर्षांमागून वर्षांची चित्रे तपासली. २०२० साली उत्तर छापून आले. शुक्राची एक बाजू उन्हाने तापते, दुसरी रात्रीत निवते. या तापण्या-निवण्यामुळे हवेत मोठ्या लाटा उठतात. ग्रहाच्या मध्यरेषेजवळ, म्हणजे विषुववृत्तापाशी, याच लाटा वाऱ्याला सतत पुढे ढकलतात. झोक्याला थोडा थोडा पण वेळेवर हात लावला की झोका चालू राहतो ना? तसे ऊनच त्या वाऱ्याला हात लावत असते.

या कामात आपल्या देशाचाही हात लागला. यान शुक्राच्या मागे जाऊ लागले, की त्याचा रेडिओचा संदेश शुक्राच्या हवेतून वाकून येतो. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, तसा. तो किती वाकला यावरून हवा किती दाट, किती गरम, हे काढता येते. हे संदेश जपानमध्ये ऐकत, तसेच बेंगळुरूजवळ ब्यालाळू गावी आपल्या इस्रोची जी मोठी थाळी आहे, तिच्यावरही ऐकत.

डिसेंबर २०१६ मध्ये पाचांपैकी दोन कॅमेरे बंद पडले. उरलेल्या तिघांवर काम पुढे चालू राहिले. उरल्यावर भागवायची या यानाला सवयच झाली होती.

शेवट

एप्रिल २०२४ च्या अखेरीस यानाशी संपर्क तुटला. पुष्कळ दिवस हाका मारल्या. ओ आली नाही. १८ सप्टेंबर २०२५ रोजी जाक्साने काम संपल्याचे ठरवले. साडेचार वर्षांसाठी बांधलेले यान जवळजवळ १४ वर्षे टिकले. त्याच्या शेवटच्या काही वर्षांत शुक्राभोवती काम करणारे दुसरे यान नव्हते. तो एकटाच राखणदार होता.

त्याची जागा घ्यायला इतर देशांचे बेत चालू आहेत. आपलाही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने इस्रोच्या शुक्रयानाला मंजुरी दिली. मार्च २०२८ मध्ये ते सोडावे, असे तेव्हा ठरले.

आता तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, शुक्राच्या वाऱ्याशी आमचं काय देणंघेणं? आमचा पाऊस वेळेवर येत नाही, त्याचं बघा. रास्त प्रश्न आहे. पण पाऊस आणणारा वारा आणि शुक्रावरचा वारा एकाच नियमाने चालतात. हवा तापली की काय होते, डोंगर आडवा आला की काय होते, रात्री निवली की काय होते, हे नियम दोन्हीकडे तेच. वैद्य एकाच रोग्याला पाहून शहाणा होत नाही. त्याला अनेक रोगी पाहावे लागतात. हवेचा अभ्यास करणाऱ्यांना पृथ्वी हा एकच रोगी होता. शुक्र हा दुसरा मिळाला. या अभ्यासाने उद्याच पाऊस पडेल असे खोटे आश्वासन मी देत नाही. पण हवेचे ज्ञान पक्के झाल्याशिवाय पावसाचा अंदाज पक्का होणार नाही.

शेवटची गोष्ट आपल्या वर्गाबद्दल सांगतो. मी जन्मभर मुलांना शिकवले. मुले चुकली की पुन्हा गिरवतात, त्यांना लाज वाटत नाही. मोठी माणसे मात्र म्हणतात, आमची वेळ गेली, आता काय शिकायचे? त्यांना मी ही हकिकत सांगतो. जपानच्या लोकांचीही वेळ गेली होती. त्यांनी आधी कारण शोधले. जे मोडले त्याचा नाद सोडला. उपयोग नाही ते ओझे टाकले. हाताशी काय उरले, ते मोजले. आणि पुढची वेळ केव्हा येते, त्याचा हिशेब करून ठेवला. ती आली तेव्हा ते तयार होते.

लहानपणी शाळा सुटली, हे खरे. ते इंजिन गेले. पण डोळे आहेत, हात आहेत, अनुभव तर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. एवढ्या शिदोरीवर वाचायला येते. पाहिजे तर थोडा जास्त वेळ लागेल. बारा मिनिटांच्या ऐवजी वीस मिनिटे.

काही महिन्यांत शुक्र पुन्हा पहाटेला येईल, नाहीतर संध्याकाळी दिसेल. दिसला म्हणजे घरातल्या मुलांना जवळ बोलवा. तो तारा नव्हे, ग्रह आहे, हे सांगा. आणि पहाट नावाच्या यानाची हकिकतही सांगा. त्यांनी काही विचारले आणि उत्तर आले नाही, तर पुस्तक उघडा. आता तुम्हांला ते उघडता येते.